नाला नेमका कुठला? प्रभाग रचनेवर हरकत घेतली त्याची गोष्ट

गणपतीत सातव्या-आठव्या दिवशी मंडळाच्या मांडवात आरती संपून प्रसाद वाटणं चालू होतं, तेवढ्यात एका माजी नगरसेवकाचा कार्यकर्ता मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, ताई, तुम्ही गेलात की तिकडे. मला आधी कळेचना तिकडे म्हणजे कुठे. मोबाईलवर महापालिकेच्या नव्या प्रभाग रचनेच्या कच्च्या नकाशाचा एक धुरकट फोटो होता, सॅटेलाईटच्या चित्रावर लाल रेषा, आणि ती रेषा बरोबर आमच्या मागच्या तीन गल्ल्यांच्या अलीकडून गेलेली. म्हणजे पाण्याची टाकी, शाळा, देऊळ एका प्रभागात आणि आम्ही रेल्वे लाईनच्या पलीकडच्या प्रभागात. मध्ये फक्त एक भुयारी मार्ग, जो पावसाळ्यात अर्धा वेळ पाण्याखाली असतो.

मी जीएसटीची रिटर्नं भरायची कामं घेते, राजकारणाशी संबंध शून्य, मत देते तेवढाच. आणि खरं सांगायचं तर प्रभाग रचना म्हणजे इच्छुक लोकांचा विषय, आपल्याला काय, असंच वाटायचं मला. पण २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून आमच्याकडे प्रशासक होता, तीन वर्षं साधा लाईटचा दिवा गेला तरी कुणाकडे जायचं हा प्रश्न, त्यामुळे आता निवडणूक होणार म्हणल्यावर निदान आपला माणूस रेल्वेच्या अलीकडचा असावा एवढी अपेक्षा होतीच.

थोडं मागचं सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या. मग जूनमध्ये सरकारचा प्रभाग रचनेचा आदेश निघाला, मुंबई सोडून बाकी महापालिकांना चार सदस्यांचा प्रभाग. मुंबईत २२७ वॉर्ड आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, बाकी आपल्याकडे दर वेळी काहीतरी वेगळंच. पुण्याचंच बघा, २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मध्ये २०२२ च्या आधी तीनचा करायचं ठरलं होतं ते परत चारवर आलं. एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा नगरसेवक एक असतो, दोन असतात, चार असतात, आणि गटार मात्र तेच.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी महापालिकेत गेले. पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात नकाशे टांगलेले आणि समोर ही गर्दी. सगळे इच्छुक, प्रत्येकाच्या मागे दोन पोरं फोटो काढायला, एक जण तर बोटाने सोसायट्या मोजत होता, ही आपली, ही आपली, ही गेली, ही गेली तर बरंच झालं. मला आमची गल्ली शोधायला दहा मिनिटं लागली. नकाशाच्या शेजारी अधिसूचना लावलेली, त्यात प्रत्येक प्रभागाची एकूण लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जातीची, जमातीची, मग व्याप्ती म्हणजे कुठले कुठले भाग येतात ती नावं, आणि मग चतुःसीमा, उत्तर पूर्व दक्षिण पश्चिम. मी आमच्या प्रभागाच्या पानाचे फोटो काढले आणि घरी आले.

आमच्या शेजारी एक काका राहतात, भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर लोकांच्या बांधाची भांडणं मोजली त्यांनी. मी त्यांना फोटो दाखवले आणि म्हणलं काका हे असं झालंय. त्यांनी चष्मा वर केला, नकाशाकडे बघितलंच नाही आधी, चतुःसीमा वाचली. त्यात लिहिलं होतं, रेल्वे लाईन आणि नाला जिथे मिळतात तिथून पूर्वेकडे नाल्याने मुख्य रस्त्यावरच्या पुलापर्यंत. काका म्हणाले, "नाला कुठला?"

मी म्हणलं, कुठला म्हणजे, नाला.

"अगं दोन आहेत ना."

आणि मग मला आठवलं. आमच्याकडे जुना नाला होता तो बऱ्याच वर्षांपूर्वी वळवला, जुन्यावर स्लॅब टाकला, आता त्यावर लोक गाड्या लावतात, मंडळाचा मांडवसुद्धा अर्धा त्याच्यावरच असतो. नवीन नाला पलीकडून काढला, रेल्वेच्या कडेकडेने. आणि या दोन नाल्यांच्या मध्ये आहेत आमच्या तीन गल्ल्या! मजकुरात लिहिलेला पूल आहे नवीन नाल्यावर. नकाशातली लाल रेषा गेलीये जुन्यावरून, जो वरून बघितला तर सरळ रस्ताच दिसतो. म्हणजे मजकूर एक सांगतोय आणि नकाशा दुसरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका छत्री घेऊन दारात उभे. म्हणाले चल, कागदावर भांडू नकोस, पायाने बघून घे. मग आम्ही रेल्वेपासून निघालो. काका पावलं मोजत होते, त्यांचं पाऊल म्हणे बरोबर अडीच फुटाचं आहे, नोकरीत कितीतरी वेळा साखळीशी ताडून बघितलंय. एके ठिकाणी थांबून त्यांनी छत्रीच्या टोकाने रस्त्यावर टकटक केलं, दणका पोकळ आला. दोन पावलं पुढे गेले, तिथे घट्ट. परत मागे, पोकळ. असं करत करत त्यांनी जुन्या नाल्याची रुंदी काढली आणि माझ्या वहीत लिहायला सांगितलं. एका ठिकाणी झाकणाचा कोपरा तुटलेला होता तिथे वाकून ऐकलं तर खालून पाणी वाहायचा आवाज येत होता. अंगण झाडणाऱ्या एका बाईंनी विचारलं, पाईपलाईन येतीये का? काका म्हणाले, नाही हो, तुमचा नगरसेवक शोधतोय. त्या म्हणाल्या, सापडला तर सांगा.

आता नियम काय आहेत ते मला तेव्हा हळूहळू कळत गेलं. सगळा हिशोब २०११ च्या जनगणनेवर. कारण २०२१ ची झालीच नाही, कोविडमुळे पुढे गेली ती आता २०२७ ला. कायद्यात लोकसंख्येवरून नगरसेवक किती ते ठरलेलं आहे, ३ लाखांपर्यंतच्या शहराला ६५ आणि त्यावर दर १५,००० ला एक वाढवायचा, ६ लाखांपर्यंत जास्तीत जास्त ८५. समजा एखादं शहर ४ लाख २० हजारांचं आहे, तर वरच्या १ लाख २० हजारांचे ८, म्हणजे ७३ नगरसेवक. ४ लाख २० हजारला ७३ ने भागा, एका नगरसेवकामागे साधारण ५,७५३ माणसं, चारच्या प्रभागाला २३,०१४. आणि यात दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त एवढी सूट, म्हणजे प्रभाग २०,७०० पासून २५,३०० पर्यंत कुठेही चालतो. मी एक्सेलवाली बाई, मला हे आवडलं. पण नीट बघितलं तर लक्षात येतं की नियम पाळूनसुद्धा एका प्रभागात दुसऱ्यापेक्षा साडेचार हजार माणसं जास्त असू शकतात आणि दोन्हीकडे नगरसेवक चारच. तेवढं चालवून घ्यावं लागतं, कारण दुसरा नियम असा की प्रगणक गट फोडायचा नाही.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका माणसाला मोजायला दिलेला भाग, साधारण सव्वाशे-दीडशे घरं, सहा-सातशे माणसं. सगळं शहर या तुकड्यांचं बनलेलं आहे आणि प्रभाग करताना आख्खे तुकडे उचलून जोडायचे. अर्धा इकडे अर्धा तिकडे केलात तर लोकसंख्या किती धरायची ते कळणारच नाही, कारण आकडा फक्त आख्ख्या तुकड्याचाच असतो. बाकीचे नियम म्हणजे उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येकडून पूर्वेला यायचं, तिथून पश्चिमेला सरकत सरकत शेवट दक्षिणेला, त्याच क्रमाने नंबर द्यायचे. नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता यांच्या हद्दी धरायच्या. वस्ती फोडायची नाही, खास करून अनुसूचित जाती-जमातींची. वाचताना मला नवल वाटलं, कारण कागदावर हे सगळं शहाण्यासारखं आहे.

काका म्हणाले, आपल्या तीन गल्ल्या कुठल्या गटात होत्या ते काढ, मग पुढचं बोलू.

ते काढायला मला चार दिवस लागले. ऑफिसात एका टेबलावर म्हणाले गटांची यादी गोपनीय आहे. मी म्हणलं साहेब रचना करताना गोपनीय होती ते ठीक, आता तर नकाशा भिंतीवर लावलाय तुम्ही. मग दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथले साहेब मिटिंगला. तिसऱ्या दिवशी परत. आणि माझं जीएसटीआर-वन रिटर्न भरायची तारीख ११ होती, व्यापाऱ्यांचे फोनवर फोन, मी व्हरांड्यात उभी राहून मोबाईलवर बिलं तपासतीये असं सगळं चाललेलं. शेवटी एका ज्युनिअर इंजिनिअरने, तोही कंटाळलेला बिचारा, यादी समोर टाकली आणि म्हणाला इथेच बघा, फोटो काढू नका. यादीत आकडेच आकडे, गट क्रमांक आणि लोकसंख्या, आता यातला आमचा कुठला हे मला कसं कळणार? ते मी वहीत जमेल तेवढं उतरवून आणलं.

आणि तो धागा कुठे सापडला तर आमच्याच गल्लीत. तिसऱ्या घरात एक रिटायर्ड शिक्षिका राहतात, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मी सहज त्यांना विचारलं की बाई २०११ ला आपल्याकडे मोजायला कोण आलं होतं, तर त्या म्हणाल्या, मीच की गं! त्यांच्या शाळेतल्या सगळ्यांना तेव्हा प्रगणक केलं होतं आणि त्यांना नेमका हाच भाग आलेला. उन्हातान्हात फिरून कशी माणसं मोजली, एका घरात सासू म्हणे सुनेचं नाव सांगेना, एकाने कुत्र्याचं नाव घाला म्हणून हट्ट धरला, अर्धा तास तेच ऐकत बसले मी. मग त्यांनी ट्रंकेतून एक रफ वही काढली. तिच्यात पेन्सिलने काढलेला नजरी नकाशा होता, देऊळ, पिठाची गिरणी, तीन गल्ल्या, घरांचे छोटे छोटे चौकोन, प्रत्येकाला नंबर, जाण्यायेण्याच्या वाटेला बाण. आणि वर कोपऱ्यात गट क्रमांक, त्याच्याखाली दोन रेघा.

तिन्ही गल्ल्या एकाच गटात होत्या. उत्तरेची हद्द, बाईंच्या अक्षरात, "नवा नाला".

मी घरी येऊन माझ्या वहीशी तो क्रमांक ताडला आणि खुर्चीतच बसले दोन मिनिटं. तो गट यादीत रेल्वेच्या अलीकडच्या प्रभागातच होता. म्हणजे लोकसंख्येची बेरीज करताना आम्हाला धरलं होतं इकडे, आणि नकाशावर रेषा मारताना टाकलं तिकडे. माणसं मोजली एका प्रभागात आणि मतं द्यायची दुसऱ्या! काका हे ऐकून एवढे खूश झाले की काकूंना चहा टाकायला लावला. म्हणाले, हा कुणाचा डाव नाहीये, ही ड्राफ्ट्समनची चूक आहे, आणि चूक दुरुस्त होते, डाव होत नाही.

हरकत लिहिताना आमचं भांडण झालं थोडं. मी दोन पानं लिहिली होती, भुयारी मार्ग, पाणी तुंबणं, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, सगळं. काकांनी लाल पेन्सिल घेऊन दीड पान खोडलं. म्हणाले हे सगळं खरं आहे पण याच्यावर साहेब निर्णय देऊ शकत नाही. त्याला गट क्रमांक दे, मजकुरातलं वाक्य दे, नकाशातला मुद्दा दे, आणि लोकसंख्येत एकाचाही फरक पडत नाही हे लिही. कुणाचं नाव नको, कुठल्या पक्षाचं तर नकोच. मी भुयारी मार्गाची एक ओळ तरी ठेवा म्हणून हट्ट केला, ती राहिली.

सह्या गोळा करायला गल्लीत फिरले तेव्हा लोकांचे प्रश्न भलतेच. घरपट्टी वाढणार का, रेशनकार्ड बदलावं लागेल का, आधारवरचा पत्ता? कितीही सांगितलं की याचा त्याच्याशी संबंध नाही तरी दोन-तीन जणांनी सही दिलीच नाही. एकाने तर तोंडावर विचारलं, कुणी पाठवलं तुम्हाला? मला वाईट वाटलं पण त्याचंही बरोबरच होतं, बाकी सगळ्या हरकती कुणी ना कुणी पाठवलेल्याच होत्या. आवक-जावकच्या खिडकीवर माझ्या पुढच्या माणसाकडे गठ्ठाच होता, एकच मजकूर झेरॉक्स मारलेला आणि खाली नावं वेगवेगळी. तिथे कळलं की शंभर सह्यांची एक हरकत म्हणजे एकच हरकत, आणि शंभर जणांचे शंभर कागद म्हणजे शंभर. आम्ही एकच दिली. पोहोच घेतली, आवक क्रमांक नीट दिसतोय ना ते काकांनी उन्हात धरून बघितलं.

त्याच्याबरोबर मी माझी एक वेगळी हरकतही दिली होती. ती अशी की आमच्या प्रभागाच्या टोकाला २०११ नंतर किती इमारती उभ्या राहिल्या, तिथे तेव्हा शेतं होती, जनगणनेत तिथली माणसं जवळजवळ नाहीतच. आणि जुन्या गावठाणात उलट, तिथली निम्मी घरं कुलूपबंद, लोक इकडेच राहायला आले, पण कागदावर ते अजून तिकडेच आहेत. मग दोन्ही प्रभाग कागदावर सारखे असले तरी प्रत्यक्षात एका नगरसेवकामागे इकडे कितीतरी जास्त माणसं, म्हणजे इकडच्या माणसाच्या मताचं वजन कमी. मी त्याला पाण्याच्या कनेक्शनचे आकडे जोडायचं म्हणत होते. काका म्हणाले दे, पण आशा ठेवू नकोस.

सुनावणीचं पत्र आलं, एका सभागृहात, सकाळी साडेदहाची वेळ. आमचा नंबर आला पावणेतीनला. वरती सरकारने नेमलेले प्राधिकृत अधिकारी, बाजूला महापालिकेचे लोक, लॅपटॉप आणि मोठा पडदा. एकेकाला दोन-तीन मिनिटं. आमच्या आधी एक माजी नगरसेवक वकील घेऊन आलेले, नकाशाचा भला मोठा फ्लेक्सच करून आणलेला, म्हणे प्रभाग बघा सापासारखा केलाय, मला संपवायला केलाय. अधिकारी शांतपणे म्हणाले, लोकसंख्या मर्यादेत आहे, सलग आहे, गट फुटलेला नाही, मग कुठला नियम मोडला ते सांगा. वकील बोलतच राहिले, नियम काही सांगता आला नाही त्यांना. मला त्या माणसाची जराशी कीव आली, कारण प्रभाग खरंच सापासारखा होता. नियम पाळून साप काढता येतो, हे त्या दिवशी मला कळलं.

आमचं नाव पुकारलं. माझं तोंड कोरडं पडलेलं, मी नमस्कार सर म्हणून सुरुवात केली आणि एकदम भुयारी मार्गावरच गेले, काकांनी खालून माझी बाही ओढली. मग ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, हा गट आपल्या यादीत या प्रभागात आहे, नकाशात त्या प्रभागात आहे. दोन्ही बरोबर असू शकत नाही." आणि खाली बसले. अधिकाऱ्यांनी इंजिनिअरकडे बघितलं. पडद्यावर आमचा भाग मोठा मोठा होत गेला, आमच्या गच्चीवरची निळी टाकीसुद्धा दिसली, मग इंजिनिअरने यादी उघडली, क्रमांक शोधला, आणि काही बोललाच नाही थोडा वेळ. मग म्हणाला तपासून घेतो सर. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. निर्णय तिथे सांगत नाहीत, त्यांची शिफारस वर जाते, मग राज्य निवडणूक आयोगाची मान्यता, मग अंतिम रचना.

माझी दुसरी हरकत त्यांनी वाचली आणि म्हणाले, मॅडम, तुमचं म्हणणं समजतंय, पण शेवटची प्रसिद्ध जनगणना २०११ ची आहे, मला तिच्या बाहेर जाता येत नाही. माणूस सभ्य होता. मला राग आला तो त्यांच्यावर नाही, या गोष्टीवर आला की हा प्रश्न मांडायला खिडकीच नाहीये कुठे. कोर्टात जावं म्हणलं तर घटनेत २४३ झेडजी कलम आहे, प्रभागांची आखणी आणि जागावाटपाच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही असं ते सांगतं. विधानसभेचे मतदारसंघ तर याच्याही मागे आहेत, २००८ ला आखले ते २००१ च्या आकड्यांवर. म्हणजे जो माणूस २०१२ ला आमच्या टोकाच्या बिल्डिंगीत राहायला आला तो मतदार म्हणून आहे, करदाता म्हणून आहे, पण प्रभाग आखताना तो जन्मलेलाच नाही.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी अंतिम रचना आली. मी घाबरत घाबरत उघडली. आमच्या चतुःसीमेत "नाल्याने" च्या जागी "नवीन नाल्याने" असं झालं होतं आणि नकाशातली रेषा तीन गल्ल्या ओलांडून रेल्वेकडे सरकली होती. एक शब्द वाढला फक्त! काकांनी प्रिंट काढून आणायला सांगितली आणि ती त्यांच्या जुन्या मोजणीच्या नकाशांच्या नळीत गुंडाळून ठेवली. दुसरी हरकत अमान्य, कारण एका ओळीत.

आणि लगेच दुसरं सुरू. चौथ्या गल्लीतले लोक, जे खरोखरच पलीकडच्या गटातले आहेत, ते मला म्हणाले, तुम्ही तुमचं बघितलंत, आमचं का नाही? मी वही काढून गट दाखवला तर ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. एका ग्रुपवर तर असंही आलं की ताईंना तिकीट पाहिजे म्हणून हे सगळं चाललंय. नोव्हेंबरमध्ये आरक्षणाची सोडत निघाली, महिलांना निम्म्या जागा, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग असं सगळं होऊन आमच्या प्रभागात काय लागलं ते बघायला अर्धं गाव गेलं, मी गेले नाही.

पण मतदार यादीला जावंच लागलं. या निवडणुकीला वेगळी यादी नसते, विधानसभेचीच १ जुलै २०२५ ची यादी घेऊन प्रभागाप्रमाणे तोडतात. आमच्याकडे तोडणाऱ्याने बहुतेक जुनाच नकाशा समोर ठेवला होता. पहिली आणि तिसरी गल्ली आमच्या प्रभागात, मधली परत रेल्वेपलीकडे! मी हसावं का रडावं तेच कळेना. परत अर्ज, परत पोहोच, या वेळी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाईंना घेऊन दारोदार, कुठल्या घरात कोण आणि नावासमोर दोन चांदण्या असतील तर ते दुबार, त्यांचं वेगळं लफडं. आणि ती यादी चाळताना टोकाच्या बिल्डिंगींची पानं संपतच नव्हती, नुसते मतदारच एवढे की कागदावरची आख्खी लोकसंख्या फिकी पडावी. मी ती पानं अधिकाऱ्यांना दाखवायला न्यावीत असं एकदा मनात आलं, मग म्हणलं कुठल्या खिडकीवर.

मधल्या गल्लीतली बहुतेक नावं आली परत. बाईंचं नाही आलं. म्हणजे ज्यांच्या वहीमुळे सगळं झालं त्यांचंच नाव पलीकडच्या यादीत राहिलं, सुधारणा झाल्याचं सांगितलं होतं पण अंतिम यादीत तसंच. बाई म्हणाल्या जाऊ दे गं, मी जाते तिकडे, त्या निमित्ताने भुयारी मार्ग बघून येते.

१५ जानेवारीला मतदान झालं. मी सकाळीच बाईंना रिक्षाने पलीकडे सोडलं, भुयारी मार्ग कोरडा होता, आणि परत येऊन आमच्या शाळेत काका-काकूंबरोबर रांगेत उभी राहिले. आत अ, ब, क, ड अशा चार जागा, चार रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं दाबायची, आणि चारही दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही. काकू तीन दाबून बाहेर यायला निघाल्या. केंद्राध्यक्ष म्हणाले, आजी, अजून एक राहिलं. काकू तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, चौथा कोण आहे ते माहीतच नाही हो मला. काका रांगेतून ओरडले, वरपासून वाच!